रामदासचं पान

अप्पा परबांनी ते भोंग्यावरून जाहीर केलं तेव्हा त्यांच्या मनात भक्ती नव्हती की दुःख नव्हतं. त्यांना फक्त वेळ मारून न्यायची होती.

वडाळ्याच्या मिठागरांच्या कडेला त्यांचं मोटारसायकलच्या शर्यतींचं मैदान होतं. गिरण्यांच्या बॉयलरमधून निघालेली काळी राख पसरून दाबलेला लंबगोल ट्रॅक, भोवती फळ्यांचं कुंपण आणि बसायला बांबूंवर ठोकलेल्या पायऱ्या. शर्यत चार गाड्यांची, चार फेऱ्यांची. या गाड्यांना ब्रेक नसतो. डावा पाय राखेत घासत आणि मागचं चाक बाहेर फेकत त्या वळवायच्या असतात. चौथ्या फेरीला अप्पा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा खाली आणायचे आणि मगच स्वार हात सैल सोडायचे. लालबागच्या गिरणीतल्या फिटरने हे खूळ डोक्यात घेतलं तेव्हा चाळ हसली होती. पहिल्या दोन वर्षांत तीच चाळ पोराबाळांसकट टाळ्या वाजवायला येत होती.

मग छप्पन साल उजाडलं. गोळीबार, संचारबंदी, हरताळ. मुंबई कुणाची हे दिल्लीत ठरेना, आणि इथे पुढचा रविवार धड निघेल की नाही याचा नेम राहीना. माणसं मोर्चाला जात, शर्यतीला नाही. भायखळ्याचे दोघे अँग्लो-इंडियन स्वार बोजाबिस्तरा आवरून ऑस्ट्रेलियाला गेले. जागेचे मालक शेठ हल्ली येता-जाता गोदामांची भाषा बोलू लागले होते. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्याच शर्यतीत रामदास गेला.

रामदास सावंत म्हणजे अप्पांची बहीण बकुळा हिचा एकुलता एक मुलगा. शेवटची फेरी, शेवटचं वळण, आणि तो सगळ्यांच्या पुढे. अप्पांनी झेंडा उचललासुद्धा होता. तेवढ्यात त्याची गाडी बाहेर सरकली आणि फळ्यांवर आदळली. अप्पांनी हातातला झेंडा टाकून लाल झेंडा घेतला आणि बाकीच्यांना थांबवलं. त्या शर्यतीचा निकाल लागलाच नाही.

महिनाभराने मैदान पुन्हा सुरू झालं तेव्हा स्वार उरले तीन. अप्पांचा मुलगा जगदीश, भोईवाड्याचा दौलत कांबळे आणि नायगावचा जयवंत. चुन्याने आखलेल्या चार जागांपैकी सगळ्यात आतली जागा मोकळी राहिली. पायऱ्यांवरून आरडाओरडा सुरू झाला, "ए अप्पा, चौघांचे पैसे घेतलेस, चौथा कुठाय?"

अप्पांनी भोंग्याचा माइक हातात घेतला आणि जिभेवर येईल ते बोलून गेले. "आतली जागा आमच्या रामदासची. आमच्याकडे कोकणात माणूस गेला की त्याच्या नावाने जेवणाचं पान मांडतात, तशी आम्ही त्याची जागा मांडलीय. आज तो पण धावणार." आणि खरं वाटावं म्हणून त्यांनी कोंडीरामकडून केळीचं एक पान त्या जागेवर ठेवून घेतलं. कोंडीराम म्हणजे शर्यत झाली की दाताळं फिरवून राख सारखी करणारा त्यांचा जुना माणूस.

मैदान चिडीचूप झालं. लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. पुढच्या रविवारी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती.

माणसाला जे हवं असतं ते मिळालं की ते कुठून आलं हे तो विचारत नाही. अप्पांनीही विचारलं नाही. दर रविवारी पान मांडलं जाऊ लागलं. लोक परळहून, गिरगावातून, पार दादरच्या पलीकडून ती मोकळी जागा बघायला येऊ लागले. गाड्या सुटल्या की अर्धं मैदान जगदीशकडे नाही, त्या पानाकडे बघायचं. शेठ खूश झाले. पुण्याला आणि कोल्हापूरलाही असंच मैदान करू, पुढच्या रविवारी एका पैसेवाल्या भागीदाराला घेऊन येतो, असं म्हणाले. अप्पांना रात्री झोप लागायला लागली.

मग एका संध्याकाळी कोंडीरामने त्यांना ट्रॅकवर बोलावलं. लोक गेले होते, पण ऊन अजून होतं. तो दाताळं खांद्यावर घेऊन नुसता उभा होता.

"काय रे, राख कधी सारखी करणार?"

"तुमी आधी बगा," कोंडीराम म्हणाला.

गाड्या तीन धावल्या होत्या आणि राखेत चाकोऱ्या चार होत्या. तीन चाकोऱ्या शर्यत संपायच्या पांढऱ्या रेघेपलीकडे जाऊन सैल झाल्या होत्या, इकडेतिकडे पांगल्या होत्या. चौथी आतल्या कडेला होती. ती त्या पानापासून निघाली होती आणि रेघेवर सैल झाली नव्हती. तशीच पुढे गेली होती, पुन्हा वळली होती, पुन्हा आली होती. अप्पा तिच्यामागून चालत निघाले आणि अर्ध्यावर थांबले. तिला शेवटच नव्हता.

"पूस ती," अप्पा म्हणाले. "आणि कुणाला बोलू नकोस."

पण बोलायची वेळ दुसऱ्यांनीच आणली. मधल्या वारी दौलत आपलं हेल्मेट घेऊन अप्पांच्या घरी आला. दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बुद्धाला शरण गेला होता. श्राद्ध-पिंड करणार नाही अशी शपथ घेतलेला माणूस.

"अप्पा, भुताखेतावर माझा विश्वास नाय," तो म्हणाला. "पानाचं नाटक तुम्ही केलं, मी गप बसलो. पण माझ्या डाव्या हाताला गाडी वाजते. रामदासचीच वाजते, मी तिचं इंजिन खोललंय. याला काय म्हणायचं मला ठाऊक नाय. मी येत नाय आता."

हेल्मेट खाटेवर ठेवून तो गेला. जगदीश भिंतीला टेकून बसला होता.

"तुला पण ऐकू येते?" अप्पांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला नाहीस ते?"

"तुम्ही खूश होता, अप्पा. तो वाईट करत नाय काही. माझ्या पुढे असतो. रेघेवर आला की तुमच्याकडे बघतो असं वाटतं. तुम्ही झेंडा माझ्यासाठी पाडता. मग तो परत फेरीला लागतो."

 अप्पांना कळलं. त्या दिवशी उचललेला झेंडा त्याच्यासाठी कधी खाली आलाच नव्हता, आणि झेंडा पडल्याशिवाय हात सैल सोडायचा नाही हे अप्पांनीच त्याला शिकवलं होतं. एकदा, फक्त एकदा, त्या मोकळ्या रेघेवर झेंडा खाली आणला की पोर मोकळं होणार होतं.

पण मग रविवारी लोक काय बघणार होते? अप्पांनी स्वतःला समजावलं, एवढा एक रविवार. भागीदार येऊन जाऊ दे. दौलत नाही म्हणजे दोनच गाड्या, दोन जागा मोकळ्या. त्याने गर्दी उलट वाढेलच असाही विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला, आणि त्यांना स्वतःची किळस आली. किळस आली तरी त्यांनी शर्यत रद्द केली नाही.

रविवारी चार वाजता बकुळा आली. मुलगा गेल्यापासून ती मैदानात पाऊल टाकत नव्हती. हातात फडक्यात बांधलेला डबा होता. त्यात वडे आणि कोंबडीची सागोती, रामदासला आवडायची तशी.

"दादा," ती म्हणाली, "तू माझ्या झिलाक दर आयतवारी बोलयतंस. जेवाक वाढतंस काय?"

अप्पा पायऱ्यांकडे बघू लागले.

"पान मांडलंस तर वाढूक होया. जेवलो काय ऊठ म्हणान सांगूक होया. नुसता पान मांडून माणसाक बसवन ठेवतत काय रे? तो दमलो आसतलो."

"आजच्या दिवस, बकुळा. शर्यत झाली की तू म्हणशील ते करू."

बकुळाने भावाकडे नीट बघितलं. मग ती जाऊन कुंपणाजवळ डबा मांडीवर घेऊन बसली. पायऱ्यांवर शेठ आणि सुटाबुटातला भागीदार पहिल्या रांगेत होते. अप्पांनी माइकवर तेच बोलणं म्हटलं, हात वर केला, आणि जगदीश-जयवंतच्या गाड्या राख उडवत सुटल्या.

राख खाली बसली तेव्हा अप्पांना दिसलं की जागांवर पानं दोन आहेत.

आतल्या जागेवर एक, आणि दौलतच्या जागेवर दुसरं. "हे दुसरं कुणाचं?" त्यांनी कोंडीरामला विचारलं.

"दोन जागा मोकळ्या, म्हणून दोन मांडली," कोंडीराम साधेपणाने म्हणाला. दर रविवारी मोकळ्या जागेवर पान ठेवायचं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. तोही कोकणातलाच. पान मेलेल्याचं नाव घेऊन मांडतात. बिननावाचं पान मांडलं, तर त्यावर कुणीतरी येऊन बसावंच लागतं.

अप्पांनी ट्रॅककडे बघितलं. दोन फेऱ्या झाल्या होत्या. जयवंत मागे पडला होता आणि जगदीश एकटा पुढे होता. एकटा, पण कुणाला तरी गाठायला निघाल्यासारखा पिसाटून. त्याच्या पुढे हातभर अंतरावर, आतल्या कडेने, राख आपोआप उडत होती. पायऱ्यांवरची माणसं उभी राहिली, पण ओरडलं कुणीच नाही. आता ते सगळ्यांनाच दिसत होतं.

तिसरी फेरी गेली. शेवटच्या वळणाला जगदीशची गाडी बाहेर सरकायला लागली. त्याच फळ्या, तसंच मागचं चाक.  पान दोन, आणि दुसरं कुणाचं ते अप्पांना समोर दिसत होतं.

ते रेघेवर धावले. पहिल्या रांगेत कोण बसलंय, पुणं-कोल्हापूर कुठे आहे, यातलं काही त्यांना आठवलं नाही. राखेचा तो उडता लोट रेघेवर आला तसा त्यांनी चौकड्यांचा झेंडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि मोकळ्या ट्रॅकसमोर खाली आणला.

"रामदास सावंत," ते म्हणाले. माइक बाजूला पडला होता, तरी सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "पुरे, बाळा. झाली शर्यत."

गरम राख त्यांच्या तोंडावर आली आणि खाली बसली. पलीकडे जगदीशची गाडी फळ्यांना घासून सरळ झाली, डुगडुगत रेघ ओलांडून पुढे जाऊन आडवी पडली. जगदीश उठून बसला. त्याने हेल्मेट काढलं, डावीकडे मान वळवून ऐकलं आणि मग तो लहान पोरासारखा रडायला लागला.

लोक न बोलता उठून गेले. शेठही गेले, भागीदारही गेला. पुढच्या रविवारी अप्पांनी भोंगा लावला तेव्हा पायऱ्यांवर मोजकी माणसं होती, ती अर्ध्यातून उठून गेली. पावसाळ्याआधीच शेठनी फळ्या काढायला माणसं लावली आणि तिथे गोदामं उभी राहिली. जगदीश बसच्या वर्कशॉपला लागला. पुण्याचं, कोल्हापूरचं नाव अप्पांनी पुन्हा कधी काढलं नाही.

पण त्या संध्याकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. कोंडीराम दाताळं घेऊन आला आणि थबकला. आतली चाकोरी पांढऱ्या रेघेवर येऊन सैल झाली होती, दोन हात पुढे गेली होती आणि संपली होती. बकुळाने आधी ते बिननावाचं पान उचलून दुमडलं आणि कमरेला खोचलं. दुसऱ्या पानावर तिने वडे आणि सागोती वाढली, त्याभोवती पाणी फिरवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग पान उचलताना तिने भावाला विचारलं,

"पयलो इलो?"

"होय," अप्पा म्हणाले. "पयलो इलो."