दोनशे बारावा मैल

लेक तिसऱ्यांदा मोजणीचं चाक ढकलत आली, दोनशे बाराच्या दगडापाशी थांबली आणि दांड्यावरच्या आकड्याकडे बघत राहिली. झाडाखाली उभ्या असलेल्या मुकादमांनी उगाचच चष्मा काढून पुसला. एकदा मोजून भागलं असतं तर काही नव्हतं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांना राहवेना.

“चाक नवीन आहे का गं?” त्यांनी विचारलं.

“चाकाला काही झालेलं नाही, बाबा.”

बंदरावरच्या दीपगृहापासून निघालेला हा महामार्ग मिठागरं, शेतं, दोन डोंगररांगा आणि एक मोठं जंगल ओलांडून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सीमेच्या नाक्याशी संपतो. सहाशे चाळीस किलोमीटर. आधी बैलगाड्यांची चाकोरी, मग खडीचा, मग डांबराचा, आणि आता चार पदरी व्हायच्या बेतात. जुने दगड उपटण्याआधी प्रत्येकाची जागा मोजायची आणि सगळ्या रस्त्याचा इतिहास पुस्तकात आणायचा, हे काम खात्यानं आपल्या या तरुण इंजिनिअरवर सोपवलं होतं. पाच महिने दगडामागून दगड मोजत ती आज स्वतःच्या आईबापांच्या दगडापर्यंत आली होती.

दगडांवर आकडे किलोमीटरचे असले तरी रस्त्यावरच्या कामगारांच्या तोंडी मैलच. प्रत्येकाला एकेक मैल नेमून दिलेला. खड्डे बुजवा, कडेचं गवत खरवडा, चर मोकळे ठेवा, दगडाला चुना लावा. दोनशे अकरा ते बारा हा तुकडा आईचा, दोनशे बारा ते तेरा बापाचा. बाप अगदी शेवटच्या वर्षी मुकादम झाले, पण नाव तेवढंच चिकटलं. आईचं नाव मात्र पहिल्याच वर्षी पडलं. तिचा मैल दुपारीच चकाचक व्हायचा, आणि नवरा तिन्हीसांजेपर्यंत फावडं ओढत असायचा. जीपमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारा ओव्हरसिअर एकदा खाली उतरला आणि म्हणाला, “ही बाई आहे का तुफान?” झालं. तेव्हापासून ट्रकवाले हॉर्न वाजवून ‘तुफानबाई’ म्हणायला लागले. आता गुडघे गेले, पण त्या नावाची ऐट गेली नव्हती. लेकीच्या पुस्तकात त्या नावाखाली अर्धं पान यायचं होतं, फोटोसकट. म्हणून तर बाई ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून दगडाशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

लेकीनं बापाला झाडाच्या पलीकडच्या बाजूला नेलं.

“आईचा सातशे नव्वद मीटर भरतोय. तुमचा बाराशे दहा. दीपगृहापासून इथपर्यंत एवढी मोठी चूक कुठेच नाही, बाबा. दगड कुणीतरी हलवलाय.”

झाकली मूठ सवा लाखाची, असं मुकादम बत्तीस वर्षं स्वतःला बजावत आले होते. ती मूठ चाक लावून कुणी उघडेल, आणि तेही पोटची पोर, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“तेव्हाच्या रुंदीकरणात दगड काढले होते,” ते म्हणाले. “परत रोवायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही दोघं नवीनच लागलो होतो, त्यामुळे आधीची जागा तिला ठाऊक नव्हती.”

“पण का?”

“तू पोटात होतीस. सातवा महिना. दिवसाचं काम पुरं झालं नाही की मैल दुसऱ्याला, अशी तेव्हाची रीत. वाकताना तिला घेरी यायची, पण घरी बस म्हटलं तर अंगावर यायची.”

“आणि मी झाल्यावर? तेव्हा का नाही परत सरकवला?”

मुकादमांनी बुटाच्या टोकानं एक खडा बाजूला केला.

“तोवर तिला नाव पडलं होतं.”

लेकीनं हातातली वही बंद केली, पुन्हा उघडली.

“मला खोटा आकडा लिहिता येणार नाही, बाबा.”

“नाहीच लिहायचा.”

“मग पुस्तकात आईचं—”

“काय खलबतं चाललीत बापलेकीची?” दगडाकडून खणखणीत आवाज आला. “किती भरला माझा मैल? हजाराच्या वर असेल तर मोठ्या अक्षरात लिही!”

लेक आईजवळ गेली. “हजा...” एवढंच म्हणाली आणि अडखळली. तिचे कान लाल झाले. लहानपणीही खोटं बोलताना असेच व्हायचे. मुकादमांना ते बघवेना. बायकोची ऐट जपायला आता पोरीचं इमान खर्ची घालायचं, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

“सातशे नव्वद,” ते पुढे होऊन म्हणाले. “दगड मी अलीकडे रोवला होता.” आणि मग सगळं सांगून टाकलं, न थांबता, शाळेत चूक कबूल करावी तसं.

बाई ऐकत होत्या. चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू ओसरलं.

“म्हणजे मी तुफान नव्हतेच.”

“होतीस की.”

“दोनशे दहा मीटर कमी करून दिले तर कासवही तुफान होईल! बत्तीस वर्षं मिरवलं मी. तुम्हाला आळशी म्हणाले, तुमच्या आईसमोर म्हणाले. आणि तुम्ही मनातल्या मनात मला हसत राहिलात!”

“हसलो नाही गं कधी.”

हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं. बाईंनी काठी उचलली आणि उठून उभ्या राहिल्या.

“कुठे हवा होता खरा दगड?”

“पुढे, त्या मोरीजवळ. आई, जीपनं नेते ना तुला.”

“तुझ्या जीपला लाव आग. माझा मैल आहे, मी चालेन.”

त्या निघाल्या. बाजूनं लेक चाक फिरवत, मागे चार पावलं राखून मुकादम. पन्नास मीटरवर बाईंनी दम खाल्ला, नव्वदवर पुन्हा. रस्ता इथे उताराला लागत होता. वरचं सगळं पाणी, सगळा गाळ या बाजूच्या चरात येऊन बसायचा. त्यांनी काठीनं चराची खोली बघितली. काठी निम्मी आत गेली.

“हा सगळा तुम्ही उपसायचात?”

“पावसाळ्यात.”

“आणि इतर वेळी?”

“इतर वेळी गवत असायचं.”

त्या पुन्हा चालू लागल्या. आता काठी दोन्ही हातांनी धरली होती. लेक पुढे झाली, पण मुकादमांनी मान हलवून तिला थांबवलं. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. बाईंनी वर बघितलं नाही.

मोरीच्या कठड्यापाशी चाक थांबलं. लेकीनं लाल खडूनं डांबरावर आडवी रेघ ओढली. बाई रेघेवर उभ्या राहिल्या. घामानं कपाळ निथळत होतं. त्यांनी मागे वळून आलेल्या वाटेकडे एकदा नीट पाहिलं. खुर्ची दूर, बोटाएवढी दिसत होती.

मुकादम जवळ आले आणि त्यांनी आधाराला हात पुढे केला.

बाईंनी तो धरला नाही. त्या कठड्याकडे वळल्या, ठेवणीतल्या ओढणीच्या टोकानं त्याच्यावरची धूळ झटकली, चांगली ऐसपैस जागा पुसून काढली.

“बसा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “दमला असाल.”