कागदाच्या डब्यावर विसरलेले पिस्तूल

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. पूर्ण मापाचे, लांब नळीचे, चांगले जड. तुम्ही कौतुकाने पाहाल म्हणून आधीच सांगतो, कौतुक नको. मला माझीच शिसारी आली आहे.

कारखान्यातून मी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका लहान गावात, डॉयल हॅचच्या बंदुकांच्या दुकानात आलो. काचेखाली माझ्या शेजारी एक छोटे पिस्तूल होते, माझ्या निम्म्या वजनाचे. त्या दुकानात रोज सकाळी चार म्हातारे कॉफी पीत बसत आणि एकाच गोष्टीवर तावातावाने भांडत: सदऱ्याखाली लपवून वागवायला मोठे पिस्तूल बरे की छोटे? जणू देशाचा कारभार त्यावरच अडला होता.

त्यांतला व्हर्लिन टॅकेट, रस्तेखात्यातून निवृत्त झालेला, एक दिवस खरेदीलाच उठला.

"छोटं घे," डॉयल म्हणाला. "दिवसभर अंगावर वागवायचंय. कमरेला आहे हेसुद्धा कळत नाही."

व्हर्लिनने ते हातात धरून पाहिले. "करंगळीला जागाच नाही याच्यावर! आणि गोळी झाडल्यावर हाताला हिसका बसेल तो वेगळाच. असलं खेळणं तुझ्या सासूला दे."

"तिच्याकडे आहे आधीच. नेमही तुझ्याहून चांगला आहे तिचा."

सगळे खो खो हसले. व्हर्लिनला ते झोंबले आणि त्याने मला उचलले.

घरी त्याची बायको नदीन म्हणाली, "एवढा ढगळ शर्ट? पोट झाकतोयस की पिस्तूल?"

पहिली दोन वर्षे बरी गेली. सरावाच्या मैदानावर मी त्याच्या हातात स्थिर राही, लोक वाहवा करत, दर आठवड्याला तेलपाणी होई. मीही फुशारून गेलो. मग त्याची हौस फिटली. नळीत शर्टाचे धागे अडकले आणि मी दिवसभर त्याच्या पोटाच्या घामात लडबडू लागलो. त्याहून किळसवाणे म्हणजे संडास. कमरपट्टा सोडला की माझ्या वजनाने विजार थेट फरशीवर जाई. म्हणून तो मला काढून भिंतीवरच्या, पुसायच्या कागदाच्या डब्यावर ठेवी. दुकानातले सगळेच म्हातारे असे करत. कोण कुठे विसरून आला, हे सांगून एकमेकांना टाळ्याही देत.

एका रविवारी चर्चनंतर टॅकेट कुटुंब तळलेले मासे खायला गेले. तिथे सगळ्यांसाठी एकच संडास होता. व्हर्लिन आत आला, त्याने मला डब्यावर ठेवले. जाताना हात मात्र स्वच्छ धुतले. मला विसरला.

पाठोपाठ आली त्याची नात टेसा, वय वर्षे पाच. मला पाहून ती दचकली नाही. तिने मला दोन्ही हातांनी खाली घेतले. माझे तोंड तिच्या फ्रॉकच्या बटणांकडे होते आणि तिचे दोन्ही अंगठे चापावर. मित्रांनो, मला थांबता येत नाही. चाप दाबला की उडायचे, एवढेच मला शिकवले आहे. त्या क्षणी मला माझ्या प्रत्येक स्क्रूची घृणा वाटली.

दार उघडले. साबणापर्यंत नातीचा हात पोचतो का, हे पाहायला नदीन आली होती.

"टेसा, खाली ठेव, बाळा. हळूच. आता हात काढ."

"आजोबा विसरले गं. मी नेऊन देत होते."

नदीनने तिला उराशी धरले आणि तिथेच त्या ओल्या फरशीवर बसली. बऱ्याच वेळाने तिने मला पर्समध्ये टाकले.

गाडीत बसल्यावर व्हर्लिनचे पहिले वाक्य होते, "छोटं घेतलं असतं, तर काढावंच लागलं नसतं."

"अजून तुला मापच सुचतंय?" नदीन म्हणाली. टेसाच्या आईने लेकीला आजोळी पाठवणे बंद केले.

दुसऱ्या दिवशी व्हर्लिनने मला डॉयलला देऊन छोटे पिस्तूल घेतले. म्हाताऱ्यांनी विचारले, "का रे बाबा?"

"पाठ दुखते," तो म्हणाला. टेसाचे नाव त्याने काढले नाही. म्हाताऱ्यांनी शहाणपणाचा निर्णय म्हणून माना डोलावल्या.

मित्रांनो, माझ्यासारखे कोणी कुठे पडलेले दिसले, तर हात लावू नका. नेऊन देण्याचा चांगुलपणाही नको. तसेच मागे फिरा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. आणि तो मोठा माणूस तुम्हाला जवळ घेण्याआधी पिस्तुलाचे माप सांगू लागला, तर पुन्हा त्याच्या घरी खेळायला जाऊ नका.