शेवटच्या बारा फरश्या
मुजावरांचा फोन आला तेव्हा मी पांढरा लेप गाळत होते. "लवकर या, शेवटची ओळ भिंतीवरून काढायला घेतलीय," एवढंच ते म्हणाले. मी गाळणं तसंच टाकून निघाले. आमचे हे भट्टीत लाकडं रचत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने चपला पुढे सरकवल्या. माझा पारा चढला की बोलायचं नसतं, एवढं शहाणपण त्यांना तीस वर्षांच्या संसारात आलेलं आहे.

आमचं घराणं भिंतीवरच्या फरश्या लिहिणारं. मातीची चौकोनी फरशी, तिच्यावर पांढरा लेप, त्यावर कुंचल्याने निळी अक्षरं, मग भट्टी. लेप कोरडा असतो आणि रंग पडताक्षणी पिऊन टाकतो. खोडायची सोय नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे: अक्षराचा मोठा फटकारा एका श्वासात संपवायचा. श्वास सोडत सोडत हात न्यायचा आणि श्वास संपला की कुंचला उचलायचा. मध्ये दुसरा श्वास घेतला तर फरशी पुसून पुन्हा लेप द्यायचा. आणि दुसरी रीत, लिहिणाऱ्याने नाव घालायचं नाही. विचारलं तरी सांगायचं नाही. माणसाने स्वतःला पुसावं असं जिथे शिकवतात, तिथल्या भिंतीवर स्वतःचं नाव कोरणं शोभत नाही, असं अब्बा म्हणतात. आम्हाला या गोष्टीचा किती गर्व आहे ते विचारू नका.

खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, पोचले तर परांची उभी होती आणि खाली गोणपाटावर एक फरशी. तिचे सात तुकडे.

"सॉरी," परांचीजवळची चष्मेवाली मुलगी म्हणाली. जुन्या इमारतींच्या खात्यातली ती तज्ज्ञ. "मागचा चुना फारच चिकटलेला होता. पण ही तशीही बदलायचीच होती."

"का बदलायची?"

तिने टॅबलेट पुढे केला. पोरीने काम मन लावून केलं होतं, हे मला कबूल करावं लागलं. घुमटाखालच्या पट्टीतलं एकेक अक्षर तिने मोजलं होतं. दाराच्या उजवीकडून पट्टी सुरू होते. आधी अख्खा कलमा पुन्हा पुन्हा लिहिलेला, उंच आणि ऐसपैस. मग नुसतं 'अल्लाह'. मग सगळ्यात शेवटी, दाराच्या डाव्या बाजूला, बारा फरश्यांवर फक्त 'हू'. हू म्हणजे तो. एवढंच.

"या बारा वेगळ्याच हातच्या आहेत," ती म्हणाली. "अक्षर अर्ध्याहून लहान. शेपट्या तोडल्यासारख्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फोटोत ही जागा चक्क कोरी आहे. पूर्वीच्यांचे पैसे संपले असतील. नंतर कुणीतरी घाईत भरली. आम्ही चांगल्या भागातलं अक्षर घेऊन मशीनवर छापून बसवू. एकसारखं दिसेल."

कुणीतरी! माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्या बारा फरश्या अब्बांनी लिहिल्या होत्या. त्यांचं शेवटचं काम. भट्टीच्या धुराने त्यांची छाती तेव्हा निकामी झालेली, चार पावलं चाललं की दम. त्यानंतर त्यांनी कुंचला धरलाच नाही. आता ते त्र्याऐंशी वर्षांचे आहेत आणि दर शुक्रवारी मला विचारतात, "दाराकडची ओळ आहे ना नीट?"

आणि सांगायचं नाही, ही घराण्याची रीत.

"काढू नका," मी म्हणाले.

"कारण सांगा. मी लिहून घेते."

कारण कुठून आणू? खरं तर मला स्वतःलाच त्या बारा फरश्यांची लाज वाटायची. लिहिताना मी अब्बांशी भांडले होते. "दम पुरत नाही तर कशाला हट्ट? मी लिहिते." ते म्हणाले होते, "तुला नाही जमायचं." मला! माझा श्वास घरात सगळ्यात लांब. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

एवढ्यात मुजावरांनी हात जोडले. जिक्रची, एकत्र नाव घ्यायची, वेळ झाली होती. मजूर खाली उतरले, पोरगी समजूतदारपणे मागे भिंतीला टेकून बसली. मीही तिच्याशेजारी बसले, रागाने धुमसत.

"हे आधीपासून असंच?" तिने हळूच विचारलं.

"आधी तर भिंतसुद्धा नव्हती," मी म्हणाले. राग आला की मी शिकवायला लागते. "सूफ म्हणजे लोकर. जाडीभरडी लोकर पांघरून एकेकटे फिरणारे फकीर. नक्षीबिक्षी त्यांच्या खिजगणतीत नव्हती. मग त्यांच्याभोवती माणसं जमली, बसायला जागा लागली, एकत्र नाव घ्यायची पद्धत पडली. आमच्यातला पहिला इथे पाण्याचे माठ घेऊन आलेला कुंभार. त्याने इथल्या शेखना, म्हणजे गुरूंना, विचारलं, भिंतीवर काय काढू? ते म्हणाले, जे ऐकतोस ते."

वीस-बावीस माणसं गोल बसली. धीम्या लयीत अख्खा कलमा सुरू झाला. लहानपणापासून मी हे ऐकते, पण ऐकताना माझी नजर नेहमी जमिनीवर असते. त्या दिवशी फरश्यांच्या काळजीने ती भिंतीवरच राहिली. एक कलमा, एक लांब श्वास, वर एक लांब फटकारा. लय वाढली, कलमा गळून पडला आणि नुसता 'अल्लाह' राहिला. भिंतीवरही तिथेच अक्षर आवळत गेलं. मग माणसांचे श्वास आखूड होत गेले, शब्द राहिलाच नाही, नुसतं 'हू', 'हू', छातीतून ढकललेलं, धापेसारखं. माझी नजर दाराच्या डाव्या बाजूला पोचली होती.

अकरा आखूड 'हू' आणि एक मोकळी जागा.

शेजारी पोरगी टॅबलेटवर आपलेच आकडे खालीवर करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे चष्म्यामागे हे मोठे झाले होते.

"या चुकलेल्या नाहीत," ती पुटपुटली.

"नाहीत," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि मान ताठ झाली होती, दोन्ही एकदमच.

जिक्र संपल्यावर तिने परांची उतरवायला सांगितली. "पण बारावी? ती आता मशीनने करून चालणार नाही."

"उद्या ये," मी म्हणाले. तोऱ्यात म्हणाले. घरी जाऊन आठ फरश्या खराब केल्या. माझा 'हू' लांबच पडे. मुद्दाम आखूड केला की कात्रीने कापल्यासारखा दिसे. शेवटी बावन्न वर्षांची मी जिना तीनदा धावत चढले-उतरले आणि धापा टाकत कुंचला टेकवला, तर रंगाचा ओघळ. आमचे हे दारात उभे राहून पाहत होते. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते.

मग मी अब्बांच्या खोलीत गेले. फरशी फुटल्याचं सांगितलं.

"ती जागा कोरी का होती?" मी विचारलं. "पैसे संपले होते?"

"पैसे?" ते हसले आणि हसण्यानेही त्यांना दम लागला. "माझ्या आजोबांनी प्रयत्न केला. वडिलांनी केला. दोघांच्या छात्या पहिलवानाच्या. कुणाला जमलं नाही. श्वास खोटा आणता येत नाही, पोरी. लिहून लिहून पुसलं आणि जागा कोरी सोडली. मग मला ही छाती मिळाली. डॉक्टर तोंड पाडून बसला होता. मी म्हटलं, आलं, आपलं काम आलं."

"मला सांगितलं का नाही?"

"तू पंधरा दिवस ऐकत कुठे होतीस?"

घोड्यासारखी वाढले तरी बापापुढे माझी अक्कल गुडघ्यातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना खुर्चीत बसवून कारखान्यात आणलं. पोरगी आली होती. तिने काही विचारलं नाही, स्टूल ओढून बसली. मी फरशी मांडीवरच्या पाटावर ठेवून घट्ट धरली, ह्यांनी रंग कालवला. अब्बांचा हात कुंचला हातात येईपर्यंत थरथरत होता. हातात आल्यावरही थरथरतच होता, हे खोटं कशाला सांगू. त्यांनी चार-पाच श्वास नुसते घेतले. मग एक सोडला, आणि सोडतानाच कुंचला टेकला. वळण, छोटा पोटाचा गोल, आणि शेपूट. शेपूट जेमतेम बोटभर गेलं आणि श्वास संपला. तिथेच त्यांनी हात उचलला.

थरथर अक्षरात उतरली होती. काठाला बारीक लहर होती, अकरांपैकी एकातही नव्हती अशी. त्या अकरांपेक्षा हा श्वास आणखी आखूड होता, आणि ओळीतली जागाही शेवटचीच.

"त्रास होतोय का बाबा?" पोरीने घाबरून विचारलं.

"हो," अब्बा धापा टाकत म्हणाले. "अगदी हवा तसा."

मी फरशी धरून बसले होते. घरात माझा हात सगळ्यात चांगला, असं मी तीस वर्षं मानत आले, आणि तो चांगला आहेही. पण हे अक्षर काढायला मला अजून तीस वर्षं लागतील, आणि तेवढी छाती झिजवावी लागेल. याचं मला जराही वाईट वाटलं नाही. ऊर अभिमानाने असा भरून आला की माझाच श्वास अडकला.

"बघत काय बसलात सगळे?" अब्बा आमच्यावर खेकसले. "भट्टी पेटवा."