यमुनाबाईंची पेटीजवळची जागा

मित्रांनो, माझ्या अंगाला नाक लावलेत तर अजून सुक्या बोंबलाचा वास येईल. हसू नका. मी बाजाची पेटी आहे, जुनी, सागवानी आणि रत्नागिरीच्या मांडवीतली.

मुंबईच्या एका कारागिराने मला घडवले. आमच्या घरच्या यमुनाबाईंचे यजमान बोटीवर खलाशी होते. त्यांनी मला हौसेने घरी आणले. दर एकादशीला भजनात मी गळा मोकळा करी आणि लोक म्हणत, "पेटी बाकी गोड हो!" यजमान गेले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पुढे कोणी माझी आठवणही काढली नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे हरिश्चंद्र मयेकर नावाचा गायक लोकांच्या गळ्यातला ताईत होता. बोटीवर नोकरी करी, तिथेच गाणी रची आणि सुट्टीत आला की गाई. यमुनाबाई त्याच्या गाण्यांवर जीव टाकत. पण कंबर मोडल्यापासून त्यांना घराबाहेर पडता येईना. मैदानावरच्या कर्ण्यातले गाणे वाऱ्यावर अर्धेमुर्धे यायचे. 'दर्या आणील तेव्हा आणील' एवढे ऐकू येई आणि पुढची ओळ वारा पळवी. शेजारणींना विचारावे तर प्रत्येकीचे उत्तर निराळे! ती एक ओळ समोर बसून ऐकायची, हाच म्हातारीचा ध्यास होता.

शेवटी त्यांची सून तुळसा हरिश्चंद्रालाच जाऊन भेटली.

"येतो की वहिनी. पेटी हाय ना घरात?"

"हाय तर!" मला न बघताच ती बोलून गेली.

मला खाली काढले आणि तिने कपाळावर हात मारला. कंबर धड असताना यमुनाबाईंनीच मांजराच्या भीतीने सुके बोंबील माझ्यामागे लपवले होते आणि विसरल्या होत्या. मांजर फिरकले नाही, पण उंदरांची चंगळ झाली. त्यांनी बोंबलांबरोबर माझा भाताही कुरतडला. तुळसाने भोकावर खळीने कापड चिकटवले. पण खाऱ्या हवेत खळ वाळते कुठली!

संध्याकाळी ओटीवर शेजारीपाजारी दाटीवाटीने बसले. हरिश्चंद्राने भाता हलवला मात्र, ठिगळ सुटले. सुराऐवजी नुसती फुसफुस, वर बोंबलाचा घमघमाट. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तुळसा तर रडायच्या बेतात होती.

"कोणी ठेवलान ओ बोंबील हिच्यामागं?" हरिश्चंद्र हसत म्हणाला.

"मीच रे बाबा," यमुनाबाई कोपऱ्यातून पुटपुटल्या.

"मग शिक्षा तुम्हालाच! काकी, या अशा पुढं. भोकावर हात धरून बसा."

तुळसाने आणि एका शेजारणीने धरून त्यांना माझ्यामागे बसवले, अगदी गायकासमोर. त्यांचा सुरकुतलेला तळवा भोकावर बसला आणि माझा गळा मोकळा झाला. भात्याबरोबर त्यांचा हात मागेपुढे होऊ लागला. कर्णा नव्हता, माइक नव्हता. किती वर्षांनी गात होते मी! आणि मग ती ओळ आली:

'दर्या आणील तेव्हा आणील, तोवर चूल विझू देऊ नको.'

यमुनाबाईंचे डोळे भरले आणि त्या खळखळून हसल्या. "एवढंच होय रे? हे तर मी जन्मभर केलं!"

तेव्हापासून हरिश्चंद्र प्रत्येक सुट्टीत आमच्या ओटीवर गाऊ लागला. मित्रांनो, तुमच्या माळ्यावर एखादी पेटी असेल तर तिला नुसती पुसू नका, वाजवा. सुकी मासळी मात्र दुसरीकडे ठेवा.

माझा भाता बदलायचे तुळसा दरवेळी काढी. यमुनाबाई तिला वाटेला लावत.

"भोक बुजवलंस तर मी बसू कुठं गो?"