काखेतलं निळं कापड

"चेन?" झग्यातून उंदीर निघावा तशा आवाजात जेराल्डीनबाईंनी विचारलं.

"चेनच आहे," लॉर्ना म्हणाली. "डाव्या काखेखाली. लोखंडी."

"आणि हे निळं काय?"

"ठिगळं. दोन्ही काखांत. फुलाफुलांचं सुती कापड आहे. मशीनवर मारलंय."

चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर तपकिरी लोकरीचा तो झगा उताणा पडला होता आणि मंगळवारच्या शिवणमंडळातल्या बायका त्याच्याभोवती चेहरे पाडून उभ्या होत्या. झगा अस्सल होता. १८६३ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धात नवरा लढाईवर गेलेला असताना, सबायना नावाच्या एका शेतकरणीने तो स्वतःच्या हाताने शिवला होता. मिलर्स फोर्डच्या पंचक्रोशीत एवढा जुना आणि एवढा धड झगा दुसरा नव्हता. आणि त्यात कुणीतरी चेन बसवली होती.

या मंडळाचं वेड गावाला ठाऊक होतं. उन्हाळाभर शनिवार-रविवारी यांचे नवरे निळे कोट घालून माळावर खोट्या लढाया लढत आणि बायका दीडशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून खऱ्या चुलीवर घेवडा आणि डुकराचं मांस शिजवत. कपडे मात्र आतल्या परकरापासून दोऱ्यापर्यंत त्या काळातलेच हवेत. जेराल्डीनबाई निवृत्त शिक्षिका. भिंग लावून इंचाला टाके मोजायच्या. दहाच्या खाली आले की त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या भुवया वर करायच्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. दोन वर्षांपूर्वी लॉर्ना पहिल्यांदा आली ती नायलॉनचा झगा शिवून. बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पडदा छान आहे." पोर घरी जाऊन रडली. मग हट्टाला पेटली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने, अंगुस्तान घालून, इंचाला बारा टाके घालायला शिकली. दिवसा ती वीस मैलांवरच्या कॉलेजात दात साफ करण्याचं शिक्षण घ्यायची. वर्गात या छंदाबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता.

"कुणाचं हे पाप?" जेराल्डीनबाईंनी विचारलं.

"क्लिंगरबाईंच्या घरातलंच कुणीतरी असेल. त्यांनी मला दिलाय, हेरिटेज डेच्या मेळ्यात मांडायला. खालचा काठ सुटलाय तेवढा शिवायचाय."

"काठ तेवढा? पोरी, नशिबाने असला झगा हातात आलाय आणि तू नुसता काठ शिवणार?"

खोटं कशाला बोला, लॉर्नाच्याही मनात तेच होतं. त्या झग्यावर तिचा डोळा होता. व्हर्डेला क्लिंगर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विधवा, मूलबाळ नाही. त्यांच्यामागे झगा कुणाकडे जाणार, हा प्रश्न लॉर्नाने स्वतःला बऱ्याचदा विचारला होता आणि दर वेळी स्वतःच लाजली होती. पण लोभ नुसता झग्याचा नव्हता, हेही तितकंच खरं. एकदा ती टोपडं आणि झगा घालून पेट्रोल पंपावर उतरली तेव्हा रांगेतली माणसं खुदखुदली होती. क्लिंगरबाई एकट्या तेवढ्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "टोपडं झकास बसलंय गं. माझ्या आईच्या आजीचा एक झगा आहे घरी. ये कधीतरी बघायला."

ती गेली, पुन्हा गेली, जातच राहिली. बाई कॉफी द्यायच्या, साखरेची पेस्ट्री कापायच्या आणि झगा मात्र दर वेळी दाखवायच्या नाहीत. यंदा ऑगस्टमध्ये त्यांनी तो आपणहून तिच्या हातात ठेवला. म्हणाल्या, "काठ धर खालचा. बाकी आहे तसं राहू दे."

लॉर्नाने हे शब्द नीट ऐकले होते. पुढे कितीदा तरी तिने स्वतःला समजावून पाहिलं की आपल्याला ऐकू आलं नसेल, पण आलं होतं.

तळघरातून परतल्यावर तिने खिडकीजवळ टेबल ओढलं आणि बारीक कात्रीने डावी शिवण उसवायला घेतली. मशीनची टीप एकदा सुटली की सरसर सुटत जाते. खाली सबायनाच्या सुईची जुनी भोकं ओळीने तशीच होती. दीडशे वर्षांनी दार उघडल्यासारखं वाटलं तिला. पुढच्या बाजूचे आकडे तुटले म्हणून कुणीतरी पुढची उघडी बाजू शिवूनच टाकली होती आणि चेन बाजूला बसवली होती. काय ही अक्कल, असं ती स्वतःशी पुटपुटली. निळ्या ठिगळांची शिलाई तर विचारूच नका. उजवीकडे टीप अर्ध्यातून थांबली होती आणि पुढे हाताने काळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे, लांबलचक टाके घातले होते. जेराल्डीनबाईंनी भिंगातून पाहिले असते तर भुवया टाळूवर गेल्या असत्या. लॉर्नाने त्यांचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांनी हसून घेतलं.

ठिगळं निघाली, चेन निघाली. ती तिने गोळा करून स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. वर कॉफीचा चोथा पडला. गुरुवारी कचऱ्याची गाडी येऊन डबा रिकामा करून गेली.

तिचा बाप डेल धान्याच्या कोठारावर कामाला. संध्याकाळी टेबलाशी बसून बूट काढता काढता म्हणाला, "म्हातारीला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे, डॅड."

"सरप्राइज पाहुण्याला द्यावं. मालकाला विचारावं."

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. तो झगा बिघडवला होता कुणीतरी. मी तो पुन्हा होता तसा करतेय."

"मला कुठं काय कळतं," डेल म्हणाला आणि बूट दाराशी नेऊन ठेवले.

पाच आठवडे ती त्या झग्यावर वाकून होती. परीक्षेत एका विषयात कशीबशी पास झाली. सबायनाच्याच भोकांतून तिने एकेक टाका पुन्हा घेतला. जुने पितळी आकडे शोधून लावले, काठ धरला. शेवटी झगा मूळच्या मापाचा, लहानखुऱ्या बाईचा झाला आणि तिने तो अंगाला लावून पाहिला. तिला तो बेतून शिवल्यासारखा होता. ते पाहून तिला जो आनंद झाला तो तिने कुणाला सांगितला नाही.

हेरिटेज डेला कोर्टाच्या हिरवळीवर तंबू लागले. मक्याची कणसं भाजत होती, कुणीतरी बेंजो वाजवत होतं. मंडळाच्या तंबूत झगा पुतळ्यावर चढवला होता आणि खाली जेराल्डीनबाईंच्या वळणदार अक्षरात पाटी होती: 'सबायना यांचा झगा, १८६३. मूळ रूपात. शिवण: लॉर्ना ह्यूबनर.' बाईंनी सकाळीच भिंग लावून डावी शिवण तपासली होती. मग भिंग खिशात ठेवत म्हणाल्या, "कुठं ती संपते आणि कुठं तू सुरू होतेस, मला सापडलं नाही." दोन वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते असं तंबूत उभ्या उभ्या मिळालं. लॉर्नाला दिवसभर दुसरं काही नको होतं.

अकराच्या सुमाराला क्लिंगरबाई आल्या. शेजारणीने गाडीतून आणून सोडलं होतं. चाकांचा वॉकर ढकलत त्या तंबूत शिरल्या, केस सेट केलेले, कोटाला गुलाबी पिन. पुतळ्यापुढे थांबल्या.

"काठ छान धरलास," त्या म्हणाल्या.

"नुसता काठ नाही, क्लिंगरबाई. नीट बघा ना."

बाईंनी नीट पाहिलं. मग वॉकर सोडून पुतळ्याच्या डाव्या बाहीखाली हात घातला. बोटांनी शिवण वरपासून खालपर्यंत चाचपली. मग उजवीकडे हात घातला आणि तिथे तो बराच वेळ राहिला.

"चेन कुठंय?"

"काढली." लॉर्नाचा चेहरा फुलला होता. "आणि मशीनची सगळी शिवण उसवली. आता हा अगदी तुमच्या सबायनाआजीनं शिवला तसा आहे. एक टाकासुद्धा नंतरचा नाही, माझे सोडून."

"आणि निळं कापड?"

"ते टाकून दिलं."

"टाकलंस."

"हो. म्हणजे... ते जुनं नव्हतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं असेल."

"एकोणीसशे सत्तावन्न," क्लिंगरबाई म्हणाल्या. "जुलै." आणि खुर्ची कुठे आहे ते पाहू लागल्या.

लॉर्नाने खुर्ची ओढून दिली. बाई बसल्या, पर्स मांडीवर घेतली. बोलल्या त्या अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशा.

"गावाला शंभर वर्षं झाली तेव्हा परेड होती. पुरुषांनी दाढ्या वाढवल्या होत्या. शाळेतल्या सगळ्या मुलींनी जुने झगे घालून गाडीवर उभं राहायचं होतं. मी सोळा वर्षांची. जाडी होते. तेव्हाही." त्या किंचित हसल्या. "झगा शिरेना अंगात. मी रडून गोंधळ घातला. माझी आई, अर्मा, तिला शिवणाचं अंग नव्हतं. तिने अंगातला घरात घालायचा झगा उतरवला, कापला, आणि मला श्वास घेता यावा म्हणून दोन्ही काखांत लावला. चेन तिच्या स्कर्टची. एक बाजू झाली, दुसरी अर्धी झाली आणि तिला मशीनचं पायडल दाबवेना. मला म्हणाली, पायाला मुंग्या आल्यात. उरलेलं हाताने केलं. नोव्हेंबरमध्ये गेली ती. तेव्हा आम्हाला कळलं, मुंग्या कसल्या होत्या ते."

तंबूबाहेर मुलं ओरडत गेली. फोटोखाली हसलेली माणसं लॉर्नाला एकेक करून आठवली.

"बापाने आठवड्याच्या आत तिचे सगळे कपडे चर्चला देऊन टाकले. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही. झग्यातलं त्याच्या लक्षात आलं नाही, म्हणून ते राहिलं." बाई थांबल्या. "मी तो झगा काढायचे ना अधूनमधून, तो सबायनासाठी नव्हे गं. तिला मी कुठं पाहिलंय?"

"मला सांगायचं होतंत," लॉर्ना कशीबशी म्हणाली. म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"बाकी राहू दे म्हटलं होतं की."

"मी परत लावते. तसलंच कापड मिळतं जुन्या बाजारात, तसलीच चेन. फोटो आहे माझ्याकडे, एकेक टाका दिसतो त्यात. हुबेहूब..."

"येईल तुला," क्लिंगरबाई म्हणाल्या. "तुझा हात फार चांगला आहे. पण ते तू केलेलं होईल."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. लॉर्ना तंबूमागे गेली आणि बापाला फोन लावला. कचऱ्याची गाडी कुठे रिकामी होते, असं तिने विचारलं. डेलने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "काऊंटीच्या खड्ड्यात. पण बाळा, सहा आठवडे झाले. त्यावर रोज माती ओढतात." पुढे त्याने काही विचारलं नाही.

परत आली तेव्हा क्लिंगरबाई झग्याशेजारीच बसलेल्या होत्या. लोक येत होते, पाटी वाचत होते, बाईंना विचारत होते. त्या सगळ्यांना सबायनाची गोष्ट सांगत होत्या: नवरा टेनेसीतल्या लढाईत पडला, तिने तीन मुलं आणि चाळीस एकर एकटीने सांभाळले. कुणी शिवणीचं कौतुक केलं की लॉर्नाकडे बोट दाखवायच्या. "या मुलीनं केलंय. हाताने." दुपारभर असंच चाललं. जेराल्डीनबाईंनी निळी रिबन आणून पुतळ्याच्या खांद्याला टाचली, पहिलं बक्षीस. सगळ्यांबरोबर क्लिंगरबाईंनीही टाळ्या वाजवल्या. लॉर्नाला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

चार वाजता तंबू उतरायला लागले. लॉर्नाने रिबन काढून खिशात कोंबली, झगा पुतळ्यावरून उतरवला, बाह्या आत घेऊन घडी घातली आणि दोन्ही हातांवर धरून क्लिंगरबाईंपुढे उभी राहिली. बाईंनी पर्समधून एक उशीचा अभ्रा काढला होता, झगा घरी न्यायला आणलेला, धुऊन इस्त्री केलेला. तो त्यांनी मांडीवर पसरला. झग्याकडे पाहिलं.

"तुला होतो का गं हा?" त्यांनी विचारलं.

लॉर्नाने होकारार्थी मान हलवली. खोटं बोलता आलं नाही.

"मग राहू दे तुझ्याकडेच."

"नको, क्लिंगरबाई. असं नका करू."

"अगं, रागावून नाही देत. मला आता त्याचं काय करायचंय? तू घाल. कपडा घातलेला बरा." त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, घडीवर नाही. "थंडीत गरम असतो म्हणे."

शेजारणीने रस्त्यावरून हॉर्न दिला. बाईंनी रिकाम्या अभ्र्याची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, पुन्हा घातली, लहानशी झाल्यावर पर्समध्ये ठेवली आणि पर्स बंद केली. मग वॉकर धरून त्या उठल्या आणि हिरवळीवरच्या खळग्यांतून सावकाश, एकेक पाऊल बघत गाडीकडे निघाल्या.