बांध म्हणायचं नाही

पैज लागली न्हाव्याच्या दुकानात, मास्तरांच्या एका गालाला साबण असताना. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीचे शिंपी. टाका सरळ, बोलणं तिरकं.

मी म्हटलं, पाणीखात्याचा साहेब मावशीच्या दारात येईल, बघेल, आणि परत जाईपर्यंत त्याच्या तोंडून ‘इथे बांध आहे’ एवढं वाक्य निघणार नाही. मास्तर म्हणाले, निघेल. साहेब आहे तो, समोरचं दिसलं नाही तरी कागदावरचं वाचेल. मग काय, लागली. जो हरेल त्याने मावशीने खणलेल्या चरात, पाणी सोडल्यावर, सगळ्या गल्लीसमोर बसायचं. मास्तरांनी वर अट घातली, मी हरलो तर त्यांनी शिवलेली नवी पँट घालूनच बसायचं. शिलाई किती टिकते ते लोकांना कळू दे म्हणाले. स्वतःच्या धंद्याची जाहिरात माझ्या बुडावर करणारा माणूस हा.

मावशी काही माझी सख्खी नव्हे. सगळ्या गल्लीचीच मावशी. उताराच्या पायथ्याशी तिचं घर आणि घरापुढे रोपवाटिका. वर टेकाडावर गोदामवाल्याने सगळीकडे सिमेंट ओतलं, तेव्हापासून पाऊस पडला की पाणी थेट मावशीच्या घरात. मागच्या पावसाळ्यात खाट तरंगली, पातेली दारातून फिरायला निघाली आणि वाढवलेली सगळी रोपं गेली. खात्याकडे गेली तर ते म्हणाले, बघतो. ते बघत राहिले आणि मावशीने फावडं उचललं. उतार संपतो तिथे माती टाकली, तुडवली, वर गवत लावलं. बाजूने नाल्यापर्यंत चर खणला. त्या चराला ती तिच्या माहेरच्या भाषेत दंड म्हणते. आणि मातीत जिथून पाणी सोडायचं ते बारं. एरवी ते ढेकळांनी बंद. पाणी चढलं की फावड्याने फोडायचं, दंड भरतो, पाणी गुमान नाल्याला जातं. यंदा तिची उंबऱ्यातली पायपुसणीसुद्धा कोरडी राहिली.

गोदामवाल्याने तक्रार केली की अडलेल्या पाण्याने त्याच्या उतारावरच्या फाटकापाशी चिखल होतो. खात्याची नोटीस आली. विनापरवाना बांध काढून टाकावा, अन्यथा दंड भरावा. मावशीने ती वाचली आणि गळक्या कुंडीखाली घातली. मला एवढंच म्हणाली, घर सोडेन तेव्हा हा सोडेन.

आता माझी युक्ती ऐका. आमची गल्ली म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेली माणसं. त्या मातीला प्रत्येकाचं नाव वेगळं. न्हावी म्हणतो धुरा. इस्त्रीवाला म्हणतो ताल. रिटायर पोस्टमन आजोबा म्हणतात पाळ. माझी बायको म्हणते मेर, आणि ती म्हणते तेच बरोबर असतं, हा आमच्या घरचा नियम. मास्तरांनी जन्मात शेत पाहिलेलं नाही, ते म्हणतात मातीची शिवण. यावरून आधी भांडणं व्हायची. मी म्हटलं, भांडू नका, हीच तर आपली फौज आहे. नोटिशीत बांध लिहिलंय ना? मग साहेबाला ज्याने त्याने आपापला शब्द सांगायचा. खोटं कुणी बोलायचं नाही. फक्त बांध म्हणायचं नाही.

साहेब आला त्या दिवशी सकाळपासून कोसळत होतं. मातीमागे गढूळ पाणी काठोकाठ. साहेबाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात छत्री, दुसऱ्यात फाईल. आणि मागे जेसीबी घरघरत होता. तो बघूनही चेहरा मी कुलपासारखा ठेवला. किल्ल्या बनवायचा धंदा आहे माझा, तेवढं जमतं.

साहेबाने विचारलं, बांध कुणी घातला? न्हावी म्हणाला, बांध नाही दिसत, धुरा आहे एक. इस्त्रीवाला म्हणाला, धुरा कसला, ताल आहे. आजोबांनी पाळ आणि बांध यांतला फरक सुरू केला, तो त्यांच्या आजोळच्या तळ्यापासून. साहेबाची फाईल भिजायला लागली. त्याने माझ्या बायकोकडे पाहिलं, ती म्हणाली, मेर. मग बांध कशाला म्हणतात, असं त्याने कळवळून विचारलं, तर सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी तो जेसीबीवाल्याकडे वळून म्हणाला, नोटीस बांधाची आहे आणि इथे तर… मी मास्तरांच्या पँटकडे बघून घेतलं. आता भिजणार ती.

तेवढ्यात मावशी बाहेर आली. खांद्यावर फावडं, पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलात.

“बांधच आहे तो,” म्हणाली.

मी डोळे मिचकावले, खोकलो, पाय आपटला.

“डोळे काय मिचकावतोस रे किल्ल्या? तो काय चोरीचा आहे, नाव बदलून लपवायला? मी घातलाय. बांध आहे. आणि राहणार आहे.”

साहेब म्हणाला, मग काढावा लागेल. मावशी बांधावर चढली आणि फावडं रोवून उभी राहिली. वरून पाऊस, मागे पाणी, पुढे जेसीबी. तिच्याकडे बघून मला माझ्या युक्तीची जरा लाजच वाटली. लाज मला सहसा परवडत नाही, म्हणून मीही वर चढलो. न्हावी आला, गिऱ्हाइकाच्या गळ्यातला टॉवेल हातात तसाच. इस्त्रीवाला आला. आजोबांना ढकलून वर घेतलं. मास्तर गळ्यात टेप घेऊन सगळ्यांत शेवटी आले, आणि चढता चढता मला म्हणाले, पैज अजून चालू आहे हं. जेसीबीवाल्याने आपणहून इंजिन बंद केलं. म्हणाला, साहेब, मातीवर चालवतो मी, माणसांवर नाही.

साहेब हवालदिल झाला. म्हणाला, “अहो मावशी, मला काहीतरी लिहून न्यावं लागेल. काढा, नाहीतर दंड भरा.”

“एवढंच? भरते की.”

मावशी खाली उतरली आणि दोन-चार घावांत बारं फोडलं. पाणी भसकन दंडात शिरलं, वळण घेतलं, दोन्ही काठांना लागून नाल्याकडे पळालं.

“हा दंड,” मावशी म्हणाली. “भरला. बघून घ्या.”

ती हसली नाही. आम्हीही नाही, गाल चावून उभे राहिलो. साहेब पाण्याकडे बराच वेळ बघत होता. मग त्याच्या मिशीचं एक टोक हललं. छत्री मानेत धरून त्याने पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, “इथे बांध आहे. दंड भरला.” खाली सही ठोकली. म्हणाला, वरच्यांनी विचारलं तर परत यावं लागेल मला.

“या,” मावशी म्हणाली. “पाऊस असताना या. तेव्हा भरलेलाच असतो.”

जेसीबी उलटा फिरला तशी गल्लीने शिट्ट्या मारल्या. सगळ्यांत जोरात मास्तरांची. ‘इथे बांध आहे.’ साहेबाच्या तोंडून, शब्द न शब्द.

नाही म्हणायची सोय नव्हती. घरी जाऊन नवी पँट चढवली, आलो, आणि अख्ख्या गल्लीसमोर दंडात मांडी घालून बसलो. गारठा थेट मेंदूला पोचला. शिलाई मात्र टिकली, तेही मास्तरांनी मला ओरडून जाहीर करायला लावलं. पण माझा देह काही कमी नाही. मागे पाणी अडायला लागलं, चढलं, काठावरून मावशीच्या रोपांकडे सांडायला लागलं.

मावशी फावडं घेऊन माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली. “ऊठ मेल्या. तुझाच बांध झालाय. तुझ्यावर नोटीस काढू का?”

“काढ,” म्हटलं. “दंड भरूनच बसलोय.”