मैदानाच्या मध्यावरची खुर्ची

"रीस, तू रोज उशिरा येतोस ते कुणाच्या प्रेमात पडलायस म्हणून का रे?"

मॅरेनने विचारलं आणि कानापर्यंत लाल झाली. विचारणार नाहीस, तुझी हिंमतच नाही, अशी टॅबी आणि ग्रेटा या मैत्रिणींनी पैज लावली होती. दोघी आत्ता जिमच्या दाराआड तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

रीस टॉलिव्हरने बुटाची नाडी बांधता बांधता मान वर केली. "हो. कँटीनच्या वर्नाबाईंच्या."

"त्या सत्तर वर्षांच्या आहेत!"

"पण त्यांनी भट्टीत भाजलेला गोड पीच-पाय खाल्लायस का?" मग तो जरा गंभीर झाला. "खरं सांगू? वाटेत कुणी हाक मारली की मी थांबतो. आणि एकदा थांबलो की 'चल, निघतो' हे शब्द तोंडातून फुटतच नाहीत. कारण-बिरण काही नाही गं."

मॅरेनचा हिरमोड झाला. तिला कारणच तर हवं होतं. आजारी आजी, रात्रपाळीची नोकरी, काहीही चाललं असतं. कारण असतं तर तिने ते पळत पळत बाबाकडे नेलं असतं. बाबा म्हणजे कोच डेल हॉस्टेटलर. इंडियानातल्या त्या छोट्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ त्याच्या हाताखाली होता. शाळा सुटली की मॅरेन तिथेच असायची. बाटल्या भरायच्या, टॉवेल द्यायचे, विखुरलेले चेंडू गोळा करायचे. मुख्य म्हणजे रीसचा खेळ बघायचा! चेंडू पुढे नेणारा, सगळा खेळ चालवणारा गार्ड तो. केंटकीच्या डोंगरातून आलेला हा हडकुळा पोरगा डावीकडे बघायचा, उजवीकडे हूल द्यायचा आणि समोरचा दांडगा खेळाडू हवेतच हात मारत राहायचा. फक्त घड्याळाशी त्याचं सात जन्मांचं वैर होतं.

बाबाने सगळं करून पाहिलं होतं. रागावला, समजावलं, घरी जेवायला बोलावून आईकडून समजावलं. रीस दर वेळी मनापासून "चुकलो, कोच" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्नाबाई, नाहीतर कुणाचा तरी कुत्रा.

शनिवारी उपांत्य सामना होता. गुरुवारी सराव सुरू होऊन बराच वेळ झाला तेव्हा रीस बर्फाने भिजलेल्या टोपीत धापा टाकत आला.

"गल्लीत पोरं खेळत होती, कोच. त्यांना एक हूल शिकवत बसलो."

बाबा ओरडला नाही. मॅरेनकडे न बघताच म्हणाला, "मॅरेन, खुर्ची."

खुर्ची म्हणजे काय ते या भागात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. उशिरा आलेल्याने मैदानाच्या मध्यावर बसायचं आणि त्याच्या वाटणीचं इतरांनी धावायचं. बाबाच्या कोचनेही बाबाला असंच बसवलं होतं. मॅरेनने खुर्ची नेऊन ठेवली. रीस बसला. शिट्टी वाजली.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. उंचापुरा ओटिस ग्रूबर दुखऱ्या गुडघ्याला पट्टी बांधून धावत होता. खुर्चीजवळून जाताना तो धापा टाकत म्हणाला, "गादी मऊ आहे ना, राजे? उशी आणू?"

कुणीच हसलं नाही. थोड्या वेळाने ओटिस भिंतीपाशी वाकला आणि ओकला.

रीस ताडकन उठला. "कोच, मला धावू द्या. सगळ्यांच्या वाटचं मी एकटा धावतो."

"बस."

"त्याचा गुडघा बघा तरी! मला मारा, हाकला, पण—"

"बस म्हटलं ना! तुझ्या उशिराची किंमत कोण भरतंय ते नीट बघ."

रीस बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, लहान मुलासारखा. मॅरेन पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ गेली, पण त्याने घेतली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

शुक्रवारी तो उशिरा आला नाही. आलाच नाही. बाबाने स्वतः वसतिगृहात जाऊन पाहिलं, तर खोली रिकामी. बाबाने केंटकीला फोन लावला. स्वयंपाकघरात आई आणि मॅरेन कान देऊन उभ्या होत्या.

"त्याला म्हणावं, मी वाट बघतोय," बाबा म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "मामाच्या लाकडाच्या गिरणीत लागलाय म्हणे. त्याच्या आईला त्याने सांगितलं, काहीही करेन, पण त्या खुर्चीत बसणं पुन्हा जमणार नाही."

शनिवारी संघ रीसशिवाय खेळला आणि जिंकला!

हरले असते तर बरं झालं असतं, असं मॅरेनला वाटलं. असं वाटल्याची तिला लाजही वाटली. गावातल्या हॉटेलात लोक उठून बाबाच्या पाठीवर थाप मारत होते. "शिस्त म्हणजे शिस्त, डेल! एक नासका आंबा काढलास, अख्खी करंडी वाचली." बाबा मान डोलवत राहिला. पुढ्यातलं सँडविच त्याने उचललंही नाही.

घरी आल्यावर आईने कोट काढता काढता विचारलं, "पुन्हा फोन करून बघायचा का त्याला?"

"काय सांगू? आम्ही जिंकलो, हे?" बाबा सोफ्यावर बसला. "माझ्या जागी दुसरा कुणीही असता तरी त्याने हेच केलं असतं."

"हो," मॅरेन म्हणाली. बोलायचं थांबायचं नाही असं तिने गाडीतच ठरवलं होतं. "कुणीही केलं असतं. मीसुद्धा तू सांगितल्यासांगितल्या खुर्ची आणायला पळत गेले. आई, बाबा, दोघंही ऐका. सोमवारपासून बाटल्या भरायला दुसरं कुणीतरी बघ, बाबा. मी सरावाला येणार नाही."